काळी दोनवरचं कुंकू

"कुठला मोर?" बुवांनी विचारलं.

जिनेंद्र गडबडला. "कुठला म्हणजे?"

"षड्ज मोराच्या ओरडण्यातून आला, असं लिहिलंयस ना इथे? कुठला मोर? तरणा की म्हातारा?"

"ग्रंथांत तेवढंच आहे, बुवा. षड्ज मोरापासून, ऋषभ बैलापासून..."

"बैल आमच्या गल्लीत आहेत. मी मोराचं विचारलं."



नरसूबुवा हेर्लेकर तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कुरुंदवाडला घाटाकडे उतरणाऱ्या बोळात, माडीवर त्यांची एक खोली होती. समोर बसलेला जिनेंद्र मगदूम त्यांचा बारा वर्षांपासूनचा शिष्य. कोल्हापूरला एका महाविद्यालयात तो संगीतशास्त्र शिकवायचा. डॉक्टरेट झालेला. विद्यार्थ्यांसाठी त्याने एक लहान पुस्तक लिहिलं होतं: नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, सप्तक, थाट, वादी, संवादी. प्रत्येकाची दोन ओळींत व्याख्या. ते पुस्तक त्याने त्या दिवशी बुवांच्या पायाशी ठेवलं होतं आणि बुवा पहिल्याच पानावर अडले होते.

मी कोपऱ्यात होतो. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. मला गाता येत नाही. बुवांकडे नुसता बसायला जायचो. पुढचं सगळं मी समोर ऐकलं आहे. लिहिताना काही चुकलं असेल, तर ते माझ्या कानाचं समजावं.

"सप्तकात सूर किती?" बुवांनी विचारलं.

"बुवा, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारतो."

"मग तुला येत असेल."

"सात शुद्ध. चार कोमल आणि एक तीव्र. मिळून बारा."

"अचल कोणते?"

"षड्ज आणि पंचम. त्यांना कोमल नाही, तीव्र नाही. ते जागा सोडत नाहीत. बाकीच्यांची जागा षड्जावरून ठरते."

"आणि सप्तकं?"

"मंद्र, मध्य, तार. खालचं, मधलं, वरचं."

"छान. आता सांग, तुझा आवाज कुठे फुटतो?"

जिनेंद्रने खाली पाहिलं...

"वर जाताना निषादापर्यंत येतो. तार षड्ज धरायला जातो, तेव्हा चिरतो."

हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षात दोनदा झालं होतं. एकदा सांगलीला, एकदा कोल्हापूरला. कोल्हापूरला आवाज फुटल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि पाण्याचं फुलपात्र घेऊन मंचापर्यंत आल्या. आवाज फुटला याच्यापेक्षा ते फुलपात्र त्याला जास्त लागलं होतं.

आणि आठ दिवसांवर थोरल्या बुवांची पुण्यतिथी होती. थोरले बुवा म्हणजे नरसूबुवांचे गुरू. दर वर्षी माघात घाटावरच्या देवळात त्यांची पुण्यतिथी होते आणि पहिला ख्याल घराण्यातला जाणता शिष्य गातो. मागे थोरल्या बुवांचे दोन तंबोरे असतात. यंदा ते जिनेंद्रच्या मागे असणार होते.

"बुवा," तो म्हणाला, "पुण्यतिथीला फुटला, तर मी गाणं सोडणार. तंबोरे तुमचे तुमच्याकडे. मी पुस्तकंच लिहीन."

"पुस्तक बरं आहे. अक्षर मोठं आहे."

"थट्टा नको, बुवा. औषध सांगा."

"ज्येष्ठमध?"

"चघळतो."

"खर्ज भरतोस?"

"रोज पहाटे तासभर खालचे सूर घोटतो."

"कुठल्या पट्टीत?"

जिनेंद्रला तो प्रश्न अपमानासारखा वाटला. "कुठल्या म्हणजे? आपल्याच. काळी दोन."

गाणाऱ्याने आपला 'सा', म्हणजे षड्ज, कुठे धरायचा, ते पेटीवरच्या पट्टीने सांगतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन... थोरल्या बुवांचा सा काळी दोन. त्यांच्या पेटीवर, त्या पट्टीवर, मेणात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका होता. नरसूबुवांच्या पेटीवरही तिथेच ठिपका होता. जिनेंद्रच्या नव्या कोऱ्या पेटीवरही. त्याच्या कोल्हापूरच्या मुलांनी पेट्या घेतल्या, की दसऱ्याला पूजा करून पहिलं काम तेच करायची.

"कधी खाली उतरून पाहिलंस?"

"बुवा, काळी दोन माझ्या गळ्याला जड जाते, हे मला कळतं. मी शिकलेला माणूस आहे." त्याने मान ताठ केली. "पण घराण्याचा सा सोडायचा? पांढरी एकला गाणारे गल्लोगल्ली आहेत. थोरल्या बुवांच्या घरातला त्यात एकही नाही. मी पहिला होऊ?"

"हं..."

बुवांनी पुस्तक मिटलं.

"आजपासून बोलायचं नाही. पर्युषणात तुझी आई धरते ना मौन? तसं. गुणगुणायचंही नाही. पुण्यतिथीला सकाळी इथे ये."

"आठ दिवस? आणि कॉलेजात शिकवू कसा?"

"फळ्यावर लिही. मुलांना फरक कळणार नाही."

तो गेला. जिना उतरताना त्याने काहीतरी पुटपुटलं. बुवा वरून ओरडले, "ते शेवटचं!"

मग माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, तुमचं ते कंपनं मोजायचं यंत्र उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बुवांनी माळ्यावरून एक गाठोडं काढायला लावलं. त्यात थोरल्या बुवांची पेटी होती. ती फक्त पुण्यतिथीला बाहेर निघते, हार घालून देवळात ठेवतात, वाजवत कुणी नाही. बुवांनी भाता हलवला आणि ठिपक्याच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"काय म्हणतं यंत्र?"

मी तीनदा मोजलं. यंत्रावर विश्वास बसेना, म्हणून घरी जाऊन जुना नादकाटा घेऊन आलो आणि पुन्हा मोजलं. नंतर स्वतःवर विश्वास बसेना. शेवटी जे दिसलं ते सांगितलं.

बुवांनी पेटीचा भाता बंद केला.

"तुम्हालाही पुण्यतिथीपर्यंत मौन, प्रोफेसर," मग ते म्हणाले.

पुण्यतिथीच्या सकाळी जिनेंद्र आला, तेव्हा खिशात चिठ्ठ्यांचं पाकीट होतं. वाटेत बसच्या तिकिटापुरतं बोलायचं ते त्याने लिहून दाखवलं होतं. बुवांनी विचारलं, "बरा आहेस?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर 'हो' लिहिलेलं होतं. मला वाटतं, 'नाही'ची चिठ्ठीही त्याच्याकडे तयार असावी.

समोर जुनी पेटी होती. शेजारी दोन्ही तंबोरे लावून ठेवलेले. ते बुवांनी पहाटे स्वतः लावले होते.

"गा," बुवा म्हणाले. "राग नको. सा धर आणि वर जा."

मी तंबोरा छेडायला बसलो. तेवढं मला येतं.

आठ दिवस बंद असलेला गळा. पहिला सा खरखरत आला. दुसरा स्वच्छ. तो रे, ग करत सावकाश चढू लागला. पंचमावर थांबला. धैवतावर त्याने डोळे मिटले. निषादावर त्याच्या मानेची शीर दिसली...

तार षड्ज लागला.

चिरला नाही. त्याने तो पुन्हा लावला. मग तिथून पुढे गेला: तार ऋषभ, तार गंधार. गंधारावर तो थांबला, कारण त्याला रडू आलं होतं.

"आला!" आठ दिवसांतला त्याचा पहिला शब्द. "बुवा, आला! काळी दोनला आला! मला ठाऊक होतं. गळा थकला होता एवढंच. घराण्याचा सा गळ्याला जड कसा जाईल? मौनानं केलं. तुम्ही केलंत!"

तो पाया पडायला वाकला. बुवांनी पाय मागे घेतले.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "आता बोला."

मला बोलावंसं वाटत नव्हतं.

"ही पेटी उतरलेली आहे," मी म्हणालो. "हिची काळी दोन म्हणजे आजच्या पेटीवरची पांढरी दोन. खरं तर त्याहूनही किंचित खाली."

जिनेंद्र माझ्याकडे पाहून हसला. शास्त्राचा माणूस शास्त्राच्या माणसाकडे हसतो तसा.

"शक्य नाही, सर."

बुवांनी आपली रोजची पेटी पुढे सरकवली. जिनेंद्रने एका हाताने या पेटीवरची काळी दोन दाबली, दुसऱ्या हाताने त्या पेटीवरची. मी आणि बुवांनी भाते धरले.

दोन्ही सूर एकमेकांवर धावून गेले. खोलीभर घरघर झाली.

त्याने रोजच्या पेटीवरचं बोट एक पट्टी खाली आणलं. पांढरी दोन. घरघर संपली. फक्त सूर थोडा लाटेसारखा हलत राहिला, कारण ती किंचित वर होती.

त्याने दोन्ही बोटं उचलली.

"म्हणजे... थोरले बुवा काळी दोनला गातच नव्हते?"

"तेही सांगता येत नाही," मी म्हणालो. "पेटीतल्या पितळी जिभांचे सूर वयानं उतरतात, धूळ बसते. ही त्यांच्या वेळीच उतरलेली होती की नंतर उतरली, हे मला मोजता येणार नाही."

"मग त्यांचा सा होता कुठे?"

"कुणालाच माहीत नाही," बुवा म्हणाले.

"तुम्ही तर त्यांना ऐकलंय! वीस वर्षं मागे बसलात!"

"ऐकलंय. ते गात असताना पेटीकडे कोण बघतंय?" बुवा जुन्या पेटीवरच्या ठिपक्याकडे पाहत होते. "ते गेल्यावर बघितलं."

त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"शेवटी त्यांना दिसेना," बुवा पुढे म्हणाले. "सूर धरताना बोट चाचपडायचं. म्हणून काकूंनी, त्यांच्या पत्नीनं, मेणात कुंकू घालून ठिपका दिला. बोटाला लागावा म्हणून. आम्हाला दिसत होतं. आम्ही तो डोळ्यांनी बघितला आणि नव्या पेटीवर उतरवून घेतला."

जिनेंद्र एकाएकी म्हणाला, "तुमचा आवाज, बुवा..."

बुवांचा आवाज एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. मग ते फक्त शिकवत राहिले. बेळगावला उघड्यावर गाणं झालं, थंडी बाधली, असं ते सगळ्यांना सांगत.

"थंडीनं गेला असं मी सांगतो," बुवा म्हणाले. "बेळगावची थंडी बिचारी काही बोलत नाही."

जिनेंद्र भिंतीला टेकला. पण हुशार माणसाला हरल्यावर फार वेळ बसवत नाही. थोड्याच वेळात तो ताठ झाला.

"चला. चूक कळली हे उत्तम झालं. म्हणजे घराण्याचा खरा सा पांढरी दोन. किंचित उतरलेली. संध्याकाळी मी तीच धरतो. तार षड्ज तर लागतोच आहे. मुलांनाही कळवतो. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू."

बोलता बोलता तो उठला. कोनाड्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आला. रोजच्या पेटीसमोर बसला, आणि पांढरी दोनवर ठेवायला त्याने बोट कुंकवात बुडवलं.

बुवांनी एक तंबोरा मांडीवर घेतला. पहिली खुंटी पिळली. तार सैल पडली. मग दुसरी, तिसरी. चौथी, खर्जाची, सुटताना घोगरं काहीतरी म्हणाली आणि गप्प झाली. मग दुसऱ्या तंबोऱ्याच्या चारी.

खांद्यावरचं उपरणं त्यांनी दोन्ही पेट्यांवर टाकलं.

"लाव," ते म्हणाले.

जिनेंद्रचं लाल बोट तसंच हवेत होतं. "कुठे?"

बुवा खिडकीकडे तोंड करून बसले.

"बुवा, कुठल्या पट्टीत लावू?"

...

"निदान एक तार तरी देऊन ठेवा. एक सूर द्या, बाकीचं मी करतो."

...

त्याने बोट धोतराला पुसलं. तंबोरा ओढून घेतला. तार पिळायला लागला. सवयीने हात वर वर जाऊ लागला, बारा वर्षं गेला तिथेच. तार ताणली गेली तशी त्याची मानही ताणली गेली. मला दिसलं; त्यालाही जाणवलं असावं. त्याने खुंटी सोडली. पुन्हा पिळली. मगाशी गायलेला सूर आठवायचा प्रयत्न केला. तो सापडेना. कपाळावर घाम आला. माघ महिना होता.

एकदा त्याने हळूच उपरण्याकडे पाहिलं. हात अर्ध्यावर गेला आणि परत आला.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिलं असतं तर लिहिलं असतं.

शेवटी त्याने बसल्या जागी मांडी मोडली. पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय सरळ करताना तो आपसूक कण्हला, "आई गं..."

आणि तसाच थांबला. पाय अर्धा पसरलेला.

त्याने ओठ मिटून तो कण्हलेला आवाज पुन्हा काढला. आणखी एकदा. चोरून काढावा तसा. मग एक हात खुंटीवर ठेवला आणि तार त्या आवाजाला आणून भिडवली.

बुवांनी खिडकीतून तोंड वळवलं नाही.

दुसरी तार जुळली. मग पंचम. मग खर्ज. त्याने तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला. तंबोरा बोलायला लागला. मग दुसरा. त्याने तो माझ्या हातात दिला, स्वतः पहिला घेतला आणि सा लावला.

त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. एक गोष्ट पाहिली ती सांगतो. शिष्य गायला लागला की बुवा भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकायचे. त्या सकाळी त्यांनी पाय जवळ घेतले आणि मांडी घातली.

माझा हात खिशातल्या यंत्राकडे गेला. बुवांनी माझं मनगट धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता देवळात साथीच्या पेटीवाल्यांची पंचाईत झाली. त्यांनी एक पट्टी दाबून पाहिली, ती वर पडली. तिच्या खालची दाबली, ती खाली पडली. जिनेंद्रचा सा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी होता.

"अहो, जरा वर घ्या किंवा खाली घ्या," ते कुजबुजले. "मी वाजवू कुठे?"

जिनेंद्रने बुवांकडे पाहिलं. बुवा प्रसादाचा द्रोण उघडत होते.

"आज राहू दे पेटी," जिनेंद्र म्हणाला. "तुम्ही ऐका."

तबलजींनी हातोडीने तबला त्याच्या सुरात ठोकून घेतला, आणि दोन तंबोऱ्यांवर ख्याल सुरू झाला. तो घाईने वर गेला नाही. बराच वेळ खालीच रमला. पहिल्यांदा निषादापर्यंत आला आणि मुद्दाम मागे फिरला. लोक हळहळले. दुसऱ्यांदा आला, आणि तार षड्जावर जाऊन नुसता उभा राहिला.

कोल्हापूरच्या त्या बाई त्याही दिवशी पुढेच होत्या. शेजारी पाण्याचा तांब्या होता. त्या उठल्या नाहीत.

ख्याल संपला. दिवेलागण झाली होती. जिनेंद्र बुवांच्या पाया पडला. या वेळी बुवांनी पाय मागे घेतले नाहीत.

त्याच्या मागे त्याची कोल्हापूरची मुलं घोळका करून उभी होती. त्यांच्यातला एकजण पेटीवाल्यांना गाठून काहीतरी खोदून खोदून विचारत होता. बाकीच्यांच्या हातांत वह्या होत्या.

"बुवा," जिनेंद्र हळू आवाजात म्हणाला, "ही मुलं मघापासून विचारतायत, आज सरांनी कुठली पट्टी धरली म्हणून. मी त्यांना काय सांगू?"

बुवांनी द्रोणातला शेवटचा घास खाल्ला. हात झटकले.

"काही सांगू नकोस. घरी जायच्या आधी त्यांच्या खिशातलं कुंकू तेवढं काढून घे."